ड्रमरला जरा सावकाश वाजवायला सांगा

“मारा उड्या,” मी म्हणाले.

शिकागोतल्या एका जुन्या थिएटरच्या बाल्कनीत चाळीसएक मराठी माणसं स्वेटर घालून ओळीने उभी होती आणि माझ्याकडे संशयाने बघत होती. रविवारची सकाळ होती. येणाऱ्यांना डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातले सामोसे मिळतील असं मी फोनवर कबूल केलं होतं, त्यामुळे हजेरी उत्तम होती.

“उड्या म्हणजे नक्की कशा?” करमरकर काकांनी विचारलं. काका आमच्या महाराष्ट्र मंडळाचे आरतीप्रमुख. हॉस्पिटलात ते मोठे पॅथॉलॉजिस्ट होते, पण मंडळात ते कोणाच्या लक्षात नसे. गणपतीत त्यांच्या हातातली झांज काढून घ्यायची कोणाची हिंमत नव्हती. आजही ते झांज घेऊन आले होते. का, ते मी विचारलं नाही.

“गाण्याच्या ठेक्यावर, काका. सगळ्यांनी एकदम.”

“आणि बाल्कनी पडली तर?”

“पडणार नाही. मी इंजिनिअर आहे.”

“म्हणून तर विचारतोय,” मागून माझा नवरा म्हणाला. सगळे हसले. मीही हसले. त्याचा हिशोब घरी होणार होता.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगते. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. आर्किटेक्टने काढलेलं सुंदर चित्र प्रत्यक्षात उभं राहील का, हे त्याचं मन न दुखवता सांगणं, हे माझं काम. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. आमच्या ऑफिसकडे या थिएटरचं काम आलं होतं. मूकपटांच्या जमान्यातलं थिएटर. छतावर प्लास्टरचे देवदूत, त्यातल्या दोघांची नाकं गेलेली. मॅनेजर होती डोलोरेस. शाळेत असताना ती इथेच बॅटरी घेऊन लोकांना खुर्च्या दाखवायची, आणि आता साठीला आलेली ती या वास्तूवर पोटच्या पोरासारखी माया करायची. मालकाने तिला स्वच्छ सांगितलं होतं: येत्या महिन्यातला शो जोरात झाला तर थिएटर चालू ठेवू. नाहीतर उन्हाळ्यात पाडू आणि पार्किंग लॉट करू.

तो शो होता एका रॉक बँडचा. नाव सांगत नाही, त्यांच्या वकिलांना माझ्यापेक्षा जास्त फावला वेळ असतो. सत्तरच्या दशकात हा बँड म्हणजे देशभर धुमाकूळ होता. आज या शहरात, उद्या त्या शहरात, मागे ट्रकची रांग, पुढे पोलिसांची. स्टेडियमं भरायची. काही हॉटेलांनी त्यांना परत न येण्याची प्रेमळ विनंती केली होती. मग दशक बदललं, केस विरळ झाले आणि स्टेडियमच्या जागी थिएटरं आली. पण एक गाणं मात्र लोक विसरले नव्हते. त्या गाण्याचं शेवटचं कडवं आलं की सगळ्या प्रेक्षकांनी उभं राहून प्रत्येक ठोक्याला उडी मारायची, असा रिवाज होता. जो उडी मारणार नाही तो चाहताच नव्हे.

शहराच्या इन्स्पेक्टरच्या कानावर हा रिवाज गेला. त्याने सांगितलं, इंजिनिअरची सही असेल तरच बाल्कनी उघडा. आणि अर्धी तिकिटं बाल्कनीचीच विकली गेली होती.

यात अडचण काय, ते सोपं आहे. झोपाळ्यावरच्या मुलाला तुम्ही बरोबर वेळ साधून एका बोटाने ढकलत राहिलात, तरी झोका उंच उंच जातो. चुकीच्या वेळी दोन्ही हातांनी ढकला, काही होत नाही. प्रत्येक बाल्कनीचा असा स्वतःचा एक झोका असतो. इतका बारीक की एरवी कळतही नाही. पण खालून आधार नसलेल्या लांब बाल्कनीवर शेकडो माणसं नेमक्या त्याच लयीत उड्या मारायला लागली, तर ती डोलायला लागते. याला रेझोनन्स म्हणतात. मूकपट बघायला आलेली माणसं उड्या मारत नसत, त्यामुळे बांधणाऱ्यांनी हा विचार केलेला नव्हता. त्यांची काही चूक नाही.

बँडच्या ऑफिसला मी फोन केला होता. ते गाणं कुठल्या स्पीडने वाजवता? “रेकॉर्डवर आहे त्याच,” पलीकडची बाई म्हणाली. मी रेकॉर्ड आणली, मेट्रोनोम लावून लय मोजली. मेट्रोनोम म्हणजे ठरवलेल्या लयीत टकटक करणारं यंत्र, गाणं शिकणारे वापरतात ते. कागदावरच्या हिशोबाने बाल्कनीचा झोका त्या लयीहून बऱ्यापैकी जलद होता. म्हणजे धोका नाही. पण सही करण्याआधी मला थोडी माणसं प्रत्यक्ष उड्या मारताना हवी होती. ऑफिस म्हणालं, माणसं कुठून आणणार? मी म्हटलं, ती माझ्यावर सोडा.

तर खाली स्टेजवर रेकॉर्ड लावली. बाल्कनीच्या कठड्याशी माझं यंत्र होतं. बाल्कनी हलली की त्याची पेन कागदाच्या पट्टीवर रेघ काढायची. जेवढी हालचाल, तेवढी नागमोडी रेघ.

पहिलं मिनिट उत्तम गेलं. धप, धप, धप. रेघ जवळपास सरळ. मग काकांना राहवलं नाही. त्यांनी झांज काढली.

आपल्याकडे आरती कशी होते, हे तुम्हाला सांगायला नको. सुरुवात संथ, भारदस्त. तिसऱ्या कडव्याला लय चढते. शेवटाला पोचेपर्यंत सगळे एकमेकांच्या मागे लागल्यासारखे धावत असतात, आणि आपण धावतोय हे कोणाच्याही गावी नसतं. तेच झालं. चाळीस जोडी पाय आणि एक झांज यांच्यापुढे खालची रेकॉर्ड ऐकू येईना. लय चढत गेली. काका डोळे मिटून झांज वाजवतायत, माझा नवरा घामाघूम होऊन उडतोय, आणि माझी पेन हळूहळू नाचायला लागली. मग तर फुगडीच घालायला लागली.

“थांबा! थांबा!”

कोणी थांबेना. गाणं कधीच संपलं होतं.

शेवटी मी सामोशांचा डबा उघडून डोक्यावर धरला. तेव्हा थांबले.

“काय गं मंदा, चुकलं का काही?” काकांनी विचारलं.

“नाही काका. उलट फारच बरोबर झालं.”

सोमवारी ती पट्टी मी बॉससमोर ठेवली. फ्रँक सज्जन माणूस, पण शो आठवड्यावर आलेला.

“मंडा, हे तुझे लोक आहेत,” तो म्हणाला. “त्यांनी लय वाढवली. शोला लोक ड्रमरच्या मागे जातील, आणि तो प्रोफेशनल आहे.”

“मग मी ड्रमरला भेटते.”

“कशाला?”

“सही माझी जाणार आहे, फ्रँक. तुझी हवी असेल तर पेन देते.”

त्याने पेन घेतली नाही.

ड्रमरचं नाव रिक. शोच्या आदल्या दिवशी दुपारी तो स्टेजवर ड्रम लावत होता. दंड माझ्या मांडीएवढे, आवाज मात्र अगदी मऊ. मी प्रश्न विचारल्यावर तो दुखावला.

“लय वाढते? माझी? लेडी, मी घड्याळ आहे.”

“मग वाजवून दाखव ना.”

मी मेट्रोनोम लावला. तो वाजवायला बसला. खरंच घड्याळ! टक आणि धप यांत केसाचं अंतर नाही. डोलोरेसने माझ्याकडे बघून सुटकेचा श्वास सोडला. मी तिला हाताने ‘थांब’ म्हटलं आणि स्टेजवर वायरी ओढणाऱ्या कामगारांकडे वळले.

“मंडळी, जरा टाळ्या वाजवाल? ओरडा पण. शोमध्ये ओरडतात तसं.”

ते कशाला नाही म्हणतायत! टाळ्या, शिट्ट्या, आरोळ्या. रिकच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. मान डोलायला लागली. सत्तर साल त्याच्या अंगात आलं. आणि मेट्रोनोम बिचारा टक टक करत मागे पडला, आणखी मागे पडला, आणि शेवटी रिक थांबला तेव्हा मेट्रोनोम कुठल्या तरी वेगळ्याच गाण्याचा ताल धरत होता.

रिकने त्याच्याकडे रागाने बघितलं. “तुझं यंत्र स्लो झालंय.”

एका कामगाराने खोकला काढला.

“टूरवर नेहमी असंच व्हायचं का?” मी विचारलं.

“शेवटी शेवटी नील शब्द गाळायचा,” रिक म्हणाला. नील म्हणजे त्यांचा गायक. “मला वाटायचं, विसरतो.”

मग आम्ही तिथेच पायरीवर बसलो. बाल्कनीखाली खांब लावायला वेळ नव्हता. बाल्कनी बंद ठेवावी, तर अर्धे प्रेक्षक परत जाणार, आणि डोलोरेसच्या थिएटरचा पार्किंग लॉट होणार. गाणं गाळावं, तर सगळेच प्रेक्षक खुर्च्या मोडणार.

“उरलं एकच,” मी म्हणाले. “गाणं ठेवा. ड्रम काढा.”

रिकने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याचं मूल दत्तक मागितलंय. पण मागे उभा असलेला नील पुढे आला. त्याने गिटार घेतली आणि ते गाणं हळूच म्हणून दाखवलं. इतकं संथ, इतकं हळवं, की मला ते ओळखू यायला वेळ लागला. “मी लिहिलं होतं ते असं,” तो म्हणाला. “मग हा आला.”

“आणि लोकांनी आपणहून उड्या मारल्या तर?” रिकने विचारलं.

“तर डोलोरेस दिवे लावेल, आम्ही बाल्कनी रिकामी करू, शो संपला.”

डोलोरेसने मान हलवली.

“ठीक आहे,” रिक म्हणाला. मी सही केली. दिव्यांची अट वर लिहूनच केली.

शोच्या संध्याकाळी बाल्कनीच्या कठड्याशी मी, माझी पेन, आणि शेजारी डोलोरेस, दिवे लावणाऱ्या माणसाचा फोन कानाला लावून. इतर गाण्यांना लोक नाचले, पण आपापल्या लयीत, त्यामुळे धक्के एकमेकांना खाऊन टाकत होते. मग ते गाणं आलं. एकटा नील, एक गिटार. लोक चमकले, मग गप्प झाले, मग पुढच्या रांगेतली एक धिप्पाड, दाढीवाली व्यक्ती हमसून रडायला लागली. रेघ फूटपट्टीने आखल्यासारखी सरळ. डोलोरेसने माझा हात दाबला.

गाणं संपलं. बँड आत गेला. आणि आमचा हिशोब तिथे चुकला.

लोकांना गाणं परत हवं होतं, तेही खरं, उड्यांचं. मागल्या रांगेत कोणीतरी पाय आपटायला लागलं. मग रांग. मग सगळी बाल्कनी. धप. धप. धप. अगदी एका लयीत. आणि लय चढायला लागली. अमेरिकन माणसांना आरती ठाऊक नसली तरी बाकी सगळं ठाऊक असतं. पेन हलली. मग डोलायला लागली. पायाखाली मऊ काहीतरी आहे असं मला वाटायला लागलं.

“लावू दिवे?” डोलोरेस ओरडली.

“लाव,” मी म्हणणार, तोच स्टेजवर रिक आला. एकटाच. त्याने वर, थेट बाल्कनीकडे बघितलं. बसला. आणि एक ठोका दिला.

जबरदस्त, आणि लोकांच्या लयीपेक्षा किती तरी सावकाश. पुन्हा एक. लोक गोंधळले. काही पाय पुढे धावले, काही अडखळले. रिकने तिसरा ठोका असा दिला, की छतावरच्या देवदूतांची उरलेली नाकं धोक्यात यावीत. आणि हजारो माणसं, एकेक करत, त्याच्या मागे आली. नील धावत आला आणि गाऊ लागला. लोक उड्या मारत होते, पण रेकॉर्डच्या लयीत, किंबहुना तिच्याहूनही संथ. पेनची नागमोड आखडत गेली. शिट्ट्या, किंकाळ्या, सगळं चालू होतं, आणि तो बाबा दात ओठांत रोवून, मानेवरच्या शिरा ताठ करून, एका केसानेही पुढे जात नव्हता. नजर सतत वर. अख्ख्या गर्दीला लगाम घालून त्याने ते गाणं शेवटापर्यंत नेलं.

डोलोरेसने फोन ठेवला.

नंतर मी स्टेजमागे गेले, तेव्हा रिक टॉवेलात तोंड घालून बसला होता.

“दहा वर्षं टूर केली,” तो म्हणाला. “आज पहिल्यांदा दमलो.”

दुसऱ्या दिवशी पेपरात परीक्षण आलं. लिहिणाऱ्याने म्हटलं होतं, की हा बँड आता वयाने आणि कलेने प्रगल्भ झाला आहे. ड्रमरने दाखवलेला संयम हा तर आयुष्यभराच्या चिंतनातूनच येऊ शकतो. बाल्कनीचा उल्लेख नव्हता.

पुढचे शो लागले. उन्हाळ्यात आम्ही बाल्कनीखाली नवं स्टील घातलं. डोलोरेसने त्याचं उद्घाटन स्वतः तीन उड्या मारून केलं. रिकने मात्र मग सगळ्या टूरवर ते गाणं सावकाशच वाजवलं. परीक्षण त्याने चौकट करून घेतलं होतं म्हणे.

या धंद्यात मी एवढं शिकले, की स्टीलचा हिशोब मांडता येतो, आनंदात आलेल्या माणसाचा येत नाही. तेव्हा ड्रॉइंगवर सही करण्याआधी ड्रमरला भेटून यावं.