शेंदराखालचा जांभळा रंग

माझी मावशी गुणाबाई मुखेडच्या पुढं, डांबरी रस्ता संपून कच्चा सुरू होतो त्या बाजूच्या गावात राहते. साठीला आलेली, अंगानं काटक, बोलायला कमी. दागिन्यांची तिला कधीच हौस नव्हती. माझ्या लग्नात बाकीच्या बायका गळे भरून आल्या आणि ही काळ्या मण्यांची पोत घालून पंगतीत वाढत होती. आईनं बळंच स्वतःची बोरमाळ तिच्या गळ्यात घातली, तर जेवणं उरकायच्या आत काढून परत दिली. "मान खाजवती," म्हणाली. त्यामुळं गुणीला रंगीत खड्यांचं वेड लागलंय असं आईनं फोनवर सांगितलं, तेव्हा मला वाटलं आई दुसऱ्याच कुणाविषयी बोलतेय.

सुरुवात झाली ती त्यांच्या विहिरीपासून. तिच्या नवऱ्यानं, ग्यानोबाकाकांनी, उन्हाळ्यात जुनी विहीर आणखी खोल करायला घेतली होती. सुरुंग लावायचा, दगड फोडायचा, क्रेननं वर ओढून काठावर ढीग घालायचा, असं रोज चाललेलं. मावशी दुपारी गड्यांसाठी पाणी घेऊन गेली. एक गडी घणानं मोठाले दगड फोडत बसला होता. कोहळ्याएवढा एक दगड, वरून अगदी खरबरीत, कुणी ढुंकूनही बघणार नाही असा. त्यानं घण घातला आणि दगडाची दोन शकलं झाली. एकाचा तिथंच चुरा झाला. दुसरं अख्खं राहिलं. आत पोकळ होतं, आणि त्या पोकळीत खडीसाखरेसारखे टोकदार खडे दाटीनं उगवलेले, जांभळे.

"आरते, वांग्याच्या फुलावर दव पडावं ना, तसं दिसलं," ती मला पुढं सांगायची. "मी घागर ठिवली आन तितंच खाली बसले."

गड्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. "मावशी, आमाला लई घावतेत असले. मुरमात टाकून देतो," तो म्हणाला. मावशीनं त्याच्या हातून तो दगड घेतला, घमेल्यात ठेवला आणि डोक्यावर घेऊन घरी आली. स्वयंपाकघराच्या खिडकीत, सकाळचं ऊन येतं तिथं, तो मांडला. दुसऱ्या दिवशी तव्यावरची भाकरी करपली. धुराच्या वासानं काका आत आले तर ही खिडकीकडं तोंड करून बसलेली.

"काय करून राहिलीस?"

"बगून राहिले."

"काय करायचं त्या गोट्याचं?"

"न्हाई ठावं," मावशी म्हणाली. करपलेली भाकरी तिनं स्वतःच्या ताटात घेतली.

पुढं आसपासच्या शिवारात कुठंही विहिरीचं काम निघालं की ती तिथं जायला लागली. काम बंद असेल तेव्हा ढिगाऱ्यातून फिरायची. कधी दुधी, कधी पिस्त्यासारखा हिरवट, कधी जिलबीच्या पाकासारखा लालसर पट्ट्यांचा खडा सापडायचा. वाळला की खडा फिका दिसतो आणि भिजला की रंग वर येतो, हे तिला आपोआप समजलं. म्हणून लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत पाणी घालून ती त्यात खडे ठेवायची. फळीवर आधी तिखटाचे डबे होते, तिथं बरण्यांची रांग लागली.

गावात बोलणं सुरू झालं. कुणी म्हणालं तिला दृष्टांत झालाय. कुणी म्हणालं विहिरीत धन लागलंय आणि नवरा-बायको लपवतायत. शेजारची सिंधु मात्र सरळ विचारायची, "कामून गं येवढं गोळा करतीस?" मावशीला उत्तर सुचायचं नाही आणि गप्पही बसवायचं नाही. सिंधुला ती म्हणाली तुळशीभोवती लावायचेत. काकांना म्हणाली पोरीबाळींना खेळायला होतील. माझ्या आईला फोनवर म्हणाली, इकून बगावं म्हणते. तिन्ही खोटं होतं. खरं काय ते तिलाच सापडत नव्हतं, आणि त्याचीच तिला लाज वाटायची.

शेवटी एक दिवस ती एसटीनं नांदेडला माझ्याकडं आली. तो जांभळा दगड जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेऊन आली होती. खिडकीची जागा मिळाली पण बाहेर बघितलं नाही म्हणाली, दगड घसरेल म्हणून.

"आरते, तुमच्या तितं खड्यांचं कळणारं कुनी हाय का? मला त्येला इचारायचंय."

"काय विचारायचंय?"

"त्येच," ती म्हणाली. "मला हे आवडतंय कामून, ते."

आमच्या सासरकडच्या ओळखीचे एक जुने सराफ आहेत, वीरभद्र नावाचे. सोन्यापेक्षा खड्यांचं काम जास्त करतात. दुपारी दुकानात गर्दी नव्हती. त्यांनी डोळ्याला भिंग लावून दगड फिरवून फिरवून पाहिला.

"हा जमुनिया, जांभळा स्फटिक. आपल्याकडं काळ्या पाषाणात निघतो. रंग सुरेख आहे याचा. पण विकायचा असेल तर फार काही येणार नाही, आई."

"इकायचा न्हाई. लोक असले खडे कामून घेतेत, ते सांगा."

वीरभद्र हसले. त्यांनी कपाटातून कागदाच्या पुड्या काढल्या आणि एकेक उलगडून तिच्यासमोर ठेवली. माणिक, पाचू, नीलम, पुष्कराज. मावशी गल्ल्यावर ओणवी झाली. हात मात्र पाठीमागं बांधून उभी राहिली, चुकून लागू नये म्हणून.

"कुणाला साडेसाती असते, तो नीलम मागतो," ते म्हणाले. "कुणाला मुलीच्या लग्नात उठून दिसेल असा हार पाहिजे असतो. कुणाला चार लोकांत बोटातली अंगठी दाखवायची असते. एक डॉक्टर येतात, ते नुसते विकत घेतात आणि घरी डबीत ठेवतात. बायकोलाही दाखवत नाहीत म्हणे."

"मला साडेसाती न्हाई," मावशी म्हणाली. "आन मला कुनाला दाखवायचं बी न्हाई."

"मग डॉक्टरांसारखं."

"ते कामून ठिवतेत?"

वीरभद्रांनी पुड्या मिटत आणल्या होत्या. ते थांबले. मग सदऱ्याच्या आतल्या खिशातून त्यांनी एक लहानशी डबी काढली. आत तुरीच्या दाण्याएवढा हिरवा खडा होता. त्यात आडवी चीर होती, मला सुद्धा दिसली. "हा पाचू. चिरलेला आहे, कुणी घेणार नाही. वडिलांच्या काळापासून दुकानात पडून होता. दुकान उघडलं की आधी हा बघतो, मग दिवा लावतो." डबी मिटत ते म्हणाले, "आई, माझं सगळं आयुष्य यात गेलं. तुम्ही विचारता ते मला सांगता येणार नाही."

मावशीचा चेहरा पडला. एवढ्या लांबून आली आणि उत्तर न घेताच जायचं होतं. निघताना वीरभद्रांनी एक गोष्ट मात्र बजावून सांगितली. जमुनिया उन्हात ठेवू नका, ऊन लागत राहिलं की वर्षा-दोन वर्षांत रंग उडतो, पांढरट पडतो. ते ऐकून मावशी जी घाबरली ती घाबरलीच. माझ्याकडं आठवडाभर राहायचं ठरवून आली होती, दुसऱ्याच दिवशी परत गेली.

घरी जाऊन तिनं काकांना सांगितलं, दगडाला अंधाराची जागा पाहिजे. घर तसं लहान आणि पत्र्याचं, चहूकडून ऊन येणारं. काकांना तो दगड खिडकीतून जातोय याचाच आनंद झाला असावा. ते म्हणाले, लक्ष्मीआईच्या देवळात ठेवू, तिथं दुपारीही दिवा लावावा लागतो. मावशीला पटलं. गावाच्या कडेला ते छोटं देऊळ आहे. आत देवीचा तांदळा, म्हणजे शेंदूर लावलेली मोठी शिळा, आणि बाजूला एक रिकामा कोनाडा. त्या कोनाड्यात जांभळा दगड बसला. पूजा करणारे सिद्रामप्पा गुरव यांनी हरकत घेतली नाही. उलट दगड नीट बसावा म्हणून त्यांनीच खाली चुना लावून दिला.

पुढं नवरात्र आलं. देवीला ओटी भरायला बायका आल्या. कोनाड्यातल्या दगडाला कुणीतरी हळदकुंकू लावलं. दुसरीनं बघून फूल वाहिलं. नवव्या माळेपर्यंत लोक म्हणायला लागले की ही देवीची बहीण, गुणाबाईच्या विहिरीतून निघाली. आणि दसऱ्याला सिद्रामप्पांनी तेलात शेंदूर कालवला, देवीला लावला, आणि उरलेला त्या दगडालाही लावला.

दिवाळीनंतर मी गावी गेले तेव्हा लोक मावशीला वाटेत थांबून नमस्कार करत होते. काका नवीन धोतर नेसून पारावर बसत होते. मावशी मात्र वाळली होती. बरण्यांतलं पाणी बदललं नव्हतं, हिरवट झालं होतं.

"लोक पाया पडतेत आरते. चांगलंच हाय की ते," ती म्हणाली. "देवीजवळ जागा मिळाली तिला. मग मला कामून गुदमरल्यावानी होतंय? रोज जाते, हात जोडते, तर समोर नुसतं केशरी. जांभळं कुटं गेलं मनून मन शोधत ऱ्हातं. देवळात उभं ऱ्हाऊन असं मनात यावं का?"

दगड काढून आण म्हणावं तर देवाचं काढून आणायचं कसं, आणि राहू दे म्हणावं तर तिच्याकडं बघवत नव्हतं. मी म्हणाले चल, आपण दर्शनाला जाऊ.

दुपारची वेळ होती, देवळात कुणी नव्हतं. मावशीनं देवीला हात जोडले. मग कोनाड्यापाशी उभी राहिली. एकाएकी तिनं दिव्यातल्या तेलात पदराचं टोक बुडवलं आणि दगडाच्या कडेला एका जागी घासायला लागली. "मावशी!" मी म्हणाले. ती ऐकेना. हलक्या हातानं, ताट घासावं तसं नव्हे, लेकराचं तोंड पुसावं तसं पुसत होती. खाचेतला शेंदूर काडीनं काढला. हळूहळू दोन बोटं मावतील एवढ्या जागेत जांभळं टोक उघडं पडलं. दिव्याच्या उजेडात ते आतून ओलं असल्यासारखं चमकलं.

तेवढ्यात सिंधु दिव्यासाठी तेल घेऊन दारात आली. मावशीचा केशरी पदर बघून तिच्या हातातली तेलाची वाटी खाली पडली.

"आगं आगं, काय केलंस हे!"

घटकाभरात पारावर पंधरा-वीस माणसं जमली. काका मान खाली घालून बसले. एक म्हातारा म्हणाला, ही देवीची विटंबना झाली. दुसरा म्हणाला, दगड तिचाच होता, तिनं काही केलं तर आपण कोण बोलणार. तिसरा म्हणाला, एकदा देवळात गेला की कुणाचा राहत नाही. सिद्रामप्पा मध्ये बसले होते. त्यांनी मावशीला विचारलं, "गुणाबाई, काय झालं? कुनी सांगितलं का असं करायला? सपान पडलं का?"

हो म्हणाली असती तर तिथंच सगळं मिटलं असतं. मला वाटलं ती हो म्हणेल.

"न्हाई अप्पा. मला रंग बगायचा हुता."

"रंग बगून काय करायचं?"

"काईच न्हाई."

कुणी हसलं नाही, कुणी रागावलंही नाही. या उत्तराचं पुढं काय करायचं ते कुणाला कळेना. म्हाताऱ्याला विटंबना म्हणायलाही काही धरायला सापडेना. सिद्रामप्पा म्हणाले, शेंदूर असा मधेच लावत नाहीत, आवसेला बघू. लोक उठून गेले. काका मावशीशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बरण्यांतलं पाणी मात्र त्यांनीच बदललं.

त्यानंतर एका सकाळी मी मावशीबरोबर देवळात गेले तर सिंधु आधीच आत होती. मोबाइलची बॅटरी लावून कोनाड्यात वाकून बघत होती. आमची चाहूल लागली तशी दचकली.

"मी रोज दिवा लावते हितं," ती जरा रागानंच म्हणाली. "ह्यात असलं हाय मनून मला कुनी सांगितलं न्हाई. आता हात देवीला जोडते आन डोळे हिकडं जातेत. काय करावं मानसानं?"

मावशी तिच्या शेजारी वाकली. "मलाबी त्येच झालतं," एवढंच म्हणाली.

सिंधुनं बाकीच्यांना सांगितलं असावं. मग बायका यायला लागल्या, पाण्याला जाताना, शेतातून येताना. आधी देवीला नमस्कार, मग कोनाड्यात वाकणं. काही नवस बोलायच्या, काही नुसत्या बघून जायच्या. एक म्हणाली डोळ्याला थंड वाटतं. एक म्हणाली भीती वाटते. विटंबना म्हणणारा म्हातारा आला, चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिला, आणि काठी टेकत निघून गेला. मावशीला हे बरं वाटलं का वाईट, मी विचारलं. ती म्हणाली, दोनी बी. मग म्हणाली, कायबी न्हाई.

अमावास्येला मी अजून तिथंच होते. सिद्रामप्पांनी वाटीत शेंदूर कालवला. देवीला लावून झाला. मग ते कोनाड्याकडं वळले आणि हात तसाच वर धरून थांबले. बाहेर बायका थांबल्या होत्या, त्यात सिंधु होती. त्यांना थांबवायला आत कोण पुढं होणार, असं एकमेकींकडं बघत होत्या.

"गुणाबाई," त्यांनी हाक मारली. "हिकडं या. किती जागा सोडू ते दावा."

मावशी पुढं गेली. तिनं बोटानं एक गोल दाखवला. मग पुसल्यासारखं करून त्याच्यापेक्षा लहान दाखवला. मग म्हणाली, न्हाई, थोडं वर. मग हात खाली घेतला.

"मला न्हाई समजत अप्पा. लई उघडं ठिवलं तर देवीचं ऱ्हाईल का? आन झाकलं तर..." ती थांबली. "तुमीच ठरवा."

"मला तरी कुटं समजून राहिलंय," सिद्रामप्पा म्हणाले.

दोघंही त्या जांभळ्या टोकाकडं बघत उभे राहिले. शेंदूर सिद्रामप्पांच्या बोटांवरून ओघळत मनगटापर्यंत आला होता.