अक्काला सरबत नाकारलं तेव्हा

"मामा, आई गेली... विहारात, बसल्या बसल्या," भाच्यानं, प्रशांतनं फोनवर एवढंच सांगितलं. पौर्णिमेचा दिवस, ध्यानाची वेळ! नातेवाइकांना फार बरं वाटलं, असं मरण नशिबात असावं लागतं म्हणाले. मला ते ऐकून अजूनही संताप येतो. डॉक्टरांनी आम्हाला खरं सांगितलंय, अक्काची शुगर एकदम उतरली होती.

माझी ही थोरली बहीण मराठवाड्यातून लग्न होऊन भाईंदरला आली, शेवटी तिथल्याच इंद्रलोक नावाच्या वस्तीत स्थिरावली. तिला शुगर होती, बीपी होतं आणि त्याहून मोठा प्रशांतचा धाक होता. "गोळी चुकवलीस तर बघ!" तो रोज संध्याकाळी ऑफिसातून व्हिडिओ कॉल करायचा, ती बिचारी गोळी गिळून तोंड उघडून दाखवायची. डॉक्टर मात्र नीट विचारायचे, "आजी, उपवास करता का? त्या दिवशी गोळीचं बघावं लागतं." अक्का ताठ मानेनं सांगायची, "आम्ही बौद्ध हाव डॉक्टर, आमच्यात उपासतापास नसतेत." ती खोटं बोलत नव्हती. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, पौर्णिमेला पांढरी साडी नेसून ती अष्टशील पाळायची, दुपारनंतर घास घ्यायची नाही. पण तिच्या लेखी तो उपवास नव्हताच, ते शील होतं.

त्या संध्याकाळीही तिनं गोळी वेळेवर घेतली. रिकाम्या पोटी. मग विहारात भिंतीला टेकून डोळे मिटले. घाम फुटला, हात थरथरले... बायकांना वाटलं, ध्यान लागलंय. तेवढ्यात लिंबू सरबत फिरलं. अष्टशीलात ते चालतं. अक्कानं हात पुढे केला, तो शेजारच्या गायकवाडकाकूंनी प्रेमानं खाली केला. "नको अक्का, तुम्हाला शुगर हाय ना!"

हे काकूंनीच मला अक्काच्या श्रद्धांजलीच्या, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सांगितलं, डोळे पुसत. "भाऊ, शेवटपर्यंत जपलं बघा. गोडाचा थेंब लागू दिला नाही." मी तोंड उघडणार, तोच प्रशांतनं माझा हात दाबला. "मामा, नको... मरून जाईल ती बाई." त्याला काकूंची दया आली. मला नाही आली, पण गप्प बसलो.

आता काकू अक्काच्या जागेवर, त्याच भिंतीला टेकून बसतात. गेल्या पौर्णिमेला सरबत आलं, तेव्हा अक्काची आठवण काढत त्यांनी शुगर असलेल्या दोघी म्हाताऱ्यांचे पेले बाजूला ठेवले. परवा पुन्हा पौर्णिमा आहे. मी विहारात जाणार आहे आणि सगळ्यांसमोर बोलणार आहे, त्या पेलाभर सरबतानं अक्का वाचली असती म्हणून. काकू रडल्या तर रडू देत.