कापसाची ओटी आणि सत्तर दिवसांचं बाळ

दुपारी सव्वाबाराला बाळाचा चेहरा दिसेनासा झाला. सकाळी आठला तो दिसत होता. तशी नोंद माझ्या वहीत होती.

शेत घाटंजीपासून नऊ किलोमीटरवर. बाळ सत्तर दिवसांचं, मुलगी. नाव ठेवायचं राहिलं होतं, म्हणून सगळे छकुली म्हणत. तिची आई वर्षा कापूस वेचत होती आणि छकुली तिच्या छातीशी पट्ट्यात बांधलेली होती. पट्टा आमच्या संस्थेने दिलेला होता. तो कसा बांधावा, याचं माहितीपत्रक मी लिहिलं होतं.

अकरा वर्षं यवतमाळच्या एका दैनिकात उपसंपादक म्हणून काढल्यावर मी नागपूरच्या या संस्थेत आले होते. पद कम्युनिकेशन ऑफिसर. काम म्हणजे माहितीपत्रकं लिहायची, चित्रं काढून घ्यायची, प्रूफ तपासायचं आणि प्रेसला ओके द्यायचा. कापसाच्या संकटाची ती वर्षं. यवतमाळ जिल्ह्यात पाहणी करणारे, फोटो काढणारे आणि वस्तू वाटणारे सतत येत असत. आमची संस्था तिसऱ्या प्रकारातली.

पट्ट्यांमागे एक साधं निरीक्षण होतं. घरात पैशाची ओढ असल्यामुळे बाळंतिणी दोन महिन्यांतच वेचणीला परतत होत्या. बाळ धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या कडेला, झाडाला टांगलेल्या झोळीत असे. तिथे मुंग्या असत, ऊन सरकून तोंडावर येई आणि आई पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, ओळींत लांब गेलेली असे. बाळ आईच्या अंगावरच राहिलं तर बरं, असं ठरलं. जाड सुती कापडाचा चौकोन आणि त्याला चार लांब बंद, असा पट्टा एका शिंप्याकडून शिवून घेतला.

असा पट्टा बांधण्याचे नियम थोडे आहेत, पण त्यातला एकही सोडता येत नाही. बाळ घट्ट आणि उंच हवं, इतकं की आईने मान खाली केली तर डोक्याचा पापा घेता यावा. चेहरा सतत दिसायला हवा. पाठ सरळ टेकलेली आणि गुडघे ढुंगणापेक्षा वर हवेत. सगळ्यात महत्त्वाची हनुवटी. ती छातीला टेकता कामा नये. मध्ये मोठ्या माणसाची दोन बोटं मावली पाहिजेत. तान्ह्या बाळाची श्वासनलिका बारीक आणि मऊ असते. मान पुढे दुमडली की ती दाबली जाते. अशा वेळी बाळ रडत नाही, गप्प होतं. आईला वाटतं, झोपलं.

हे सगळं पत्रकात होतं. पाच चित्रं होती. आदल्या दिवशी आमचे प्रकल्पप्रमुख साठे सर म्हणाले होते, "ओके देऊन टाका. प्रेस मोकळा आहे."

"एकदा शेतात बघून येते."

"उपकेंद्रात डेमो झाला ना? सगळ्यांना जमलं ना?"

"जमलं. पण तिथे कोणी कापूस वेचत नव्हतं."

"उद्या संध्याकाळपर्यंत, बरं का. त्यापुढे नाही."

म्हणून मी आणि आरोग्य उपकेंद्राच्या लता सिस्टर सकाळी शेतात पोचलो. वर्षाने पट्टा आमच्यासमोर बांधला. सिस्टरांनी दोन बोटं घालून पाहिली. चेहरा मोकळा, पाठ सरळ. पहिल्या चित्रातल्यासारखं तंतोतंत.

वर्षाची सासू शेवंताबाई धुऱ्यावर पाण्याच्या कॅनशेजारी बसली होती. गुडघे गेल्यामुळे तिची वेचणी त्या वर्षी बंद झाली होती. ती भाकरी आणि पाणी सांभाळायला येत असे. पट्टा तिला मान्य नव्हता.

"आमच्या टायमाले झोयी होती," ती मला म्हणाली. "पाच पोट्टे काढले झोयीत. हे काय, घोड्याले खोगीर बांधल्यावानी!"

"आत्याबाई, खोगीर मले हाय, तुमाले नाई," वर्षा ओळीतूनच म्हणाली. बायका हसल्या.

वेचणी सुरू झाली. वेचताना बाई कमरेला कापडाची ओटी बांधते. दोन्ही हातांनी बोंडातला कापूस ओढायचा आणि ओटीत टाकायचा. ओटी भरली की धुऱ्यावर जाऊन गाठोड्यात रिकामी करायची. मजुरी किलोवर, म्हणून कोणी अर्ध्या ओटीवर फेरी मारत नाही. ओटी दाबून भरतात.

मी दर अर्ध्या तासाने बाळाकडे पाहून लिहीत होते. साडेआठ, ठीक. नऊ, ठीक. पहिल्या दोन ओट्या लवकर रिकाम्या झाल्या, कारण ओळी धुऱ्याजवळच्या होत्या. पुढे बायका शेताच्या मध्यात गेल्या. धुरा लांब पडला, तशी वर्षा ओटी जास्त भरू लागली. बाराच्या नोंदीत मी लिहिलं आहे, "बाळ थोडं वर सरकल्यासारखं." त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

कापूस हलका असतो, पण फुगतो. ओटी भरत गेली तशी ती कमरेवरून पोटावर आली आणि पोटावरून छातीकडे. तिने छकुलीला खालून ढकललं. पाय वर आले, पाठ कमानीसारखी वाकली. खालची बोंडं वेचायला वर्षा वाकली की डोकं पुढे जाई आणि परत मागे येत नसे. सव्वाबाराला मला फक्त टाळू दिसत होती.

"वर्षा, थांब."

"काहून? झोपली न ते."

"थांब. हलू नको. सिस्टर!"

लता सिस्टर पऱ्हाटी बाजूला सारत आल्या. हनुवटीखाली बोटं घालायला गेल्या. दोन सोडाच, एकही गेलं नाही. त्यांनी वरचे बंद सोडले, डोकं हाताने पेललं आणि बाळ बाहेर काढलं. चेहरा लाल झाला होता, मान घामाने ओली. नाकाजवळ कापसाचा एक तंतू चिकटला होता. छकुलीने एक मोठा श्वास घेतला आणि रडायला लागली.

वर्षाने हात पुढे केले. "उगी व माय, उगी."

"रडू दे," सिस्टर म्हणाल्या. "आता तिचं रडणं चांगलं."

त्या तिला धुऱ्यावर सावलीत घेऊन आल्या. ती शांत झाल्यावर घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. ओठांचा आणि नखांचा रंग पाहिला. मग वर्षाला पाजायला सांगितलं. बाळ व्यवस्थित पीत होतं. सिस्टर म्हणाल्या, "ठीक आहे. काही झालेलं नाही. पण आता हे असं बांधायचं नाही."

पाजता पाजता वर्षाने ओळींकडे पाहिलं. मग म्हणाली, "मंग मी घरी बसू काय? दुसरा वेचा तं आताच लागला."

हाच प्रश्न होता. वेचा म्हणजे वेचणीची फेरी, आणि तिचं हंगामाचं काम एका हनुवटीवर येऊन थांबलं होतं.

"पाठीवर बांधलं तर?" मी विचारलं.

"मान धरत नाही अजून," सिस्टर म्हणाल्या. "पाठीवर आईला दिसतही नाही. चार-पाच महिन्यांची होऊ दे, मान पक्की होऊ दे, मग बघू."

"मंग ओटीच मांगं बांधा," एका बाईने सुचवलं. दुसरीने लगेच करून पाहिलं. तिचा हात मागे पुरेना, कापूस जमिनीवर पडला. "शेतमालकाले सांगा, खालून वेचून घे म्हनाव," ती म्हणाली. ओटी बाजूला बांधून पाहिली, ती सरकून पुन्हा पुढे आली.

शेवंताबाई हे सगळं पाहत होती. तिने छकुलीला मांडीवर घेतलं, पण काही वेळाने हात बदलला, मग पुन्हा बदलला. मनगटं दुखत होती.

"दिवसभर धराले हातात जोर नाई," ती म्हणाली. मग वर्षाच्या खांद्यावर लोंबणाऱ्या पट्ट्याकडे तिने बोट दाखवलं. "ते मले बांध."

"तुमाले?"

"माह्या पोटावर कायची ओटी हाय? मी इथंच तं बसतो."

ही गोष्ट आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आली नव्हती. पाचही चित्रांत आई होती. पट्टा आईसाठीच, असं आम्ही गृहीत धरलं होतं.

सिस्टरांनी पट्टा शेवंताबाईला बांधला. दोन बोटं मावली. मान खाली करून तिने नातीच्या डोक्याचा पापा घेतला आणि तो नियम पाळण्यासाठी घेतला असं कोणाला वाटू नये म्हणून लगेच म्हणाली, "घामानं खारट झाली पोट्टी."

"मावशी, एक अट आहे," सिस्टर म्हणाल्या. "डुलकी यायला लागली की पट्टा सोडायचा. बाळ घोंगडीवर सपाट, पाठीवर निजवायचं आणि कोणाला तरी हाक मारायची."

"मले दुपारी कोठं झोप येते?"

"नाई येत," वर्षा म्हणाली. "निस्त्या घोरता तुमी."

वर्षा परत ओळीत गेली. दूध पाजायला ती धुऱ्यावर येत होती, तेव्हाच ओटीही रिकामी करत होती. फेऱ्या वाढल्या, पण ती चारपर्यंत वेचत राहिली. चारला मी शेवटची नोंद केली: चेहरा मोकळा, बाळ जागं, आजीशी बोलत आहे.

संध्याकाळी घाटंजीच्या एसटी स्टँडवरून सरांना फोन लावला.

"ओके ना?" त्यांनी विचारलं.

"नाही. पहिलं चित्र चुकलंय."

"काय चुकलंय? हनुवटी वर आहे, पाठ सरळ आहे."

"चित्रातली बाई काम करत नाहीये, सर."

मी घडलेलं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "किती चित्रं बदलायची?"

"दोन. आणि पहिली ओळ."

"प्रेसवाल्याला मी सांगतो. तुम्ही आधी ओळ लिहा."

ओळ अशी झाली: कापसाची ओटी आणि बाळ एकाच अंगावर बांधू नका. त्याखाली: पट्टा आजी, आत्या, बाबा कोणीही बांधू शकतं, बांधणाऱ्याने दुसरं काम करायचं नाही. फवारणी झालेल्या शेतात बाळाला नेऊ नका, ही ओळ सिस्टरांनी घालायला लावली. पहिल्या चित्रात धुऱ्यावर बसलेली आजी आली.

पत्रकं तीन आठवडे उशिरा आली. सिस्टरांनी एक शेवंताबाईला नेऊन दाखवलं. तिने ते लांब धरून पाहिलं.

"हे कोन बुडी हाय वो? मी इतकी वाकली काय?"

"ते चित्र आहे, मावशी."

"मंग चित्रात तरी सरळ काढाची न."

वर्षाने त्या हंगामातले उरलेले वेचे पूर्ण केले. संक्रांतीपर्यंत छकुली मान धरू लागली. पट्टा मात्र सासूकडेच राहिला. वर्षाने मागितला, तिने दिला नाही.

त्या शेतात जाईपर्यंत कोणतीही सूचना लिहिताना ती कोणाला पाळायची आहे, एवढंच मी विचारत असे. ती पाळायच्या वेळी त्या माणसाच्या अंगावर दुसरं काय काय बांधलेलं असेल, हेही तेव्हापासून विचारते. उत्तर मिळेपर्यंत ओके देत नाही.