एकही अपघात नाही

दोन घरांमधली भिंत एका विटेची. पलीकडे कुणी खोकलं तर अलीकडच्याने पाणी पुढे करावं इतकी पातळ. त्यामुळे शेजारच्या म्हातारीने नवराबायकोचं ते भांडण ऐकलं, यात तिचा काही दोष नाही. कान म्हणजे काही डबा नव्हे झाकण लावायला. पुष्कळ वर्षं झाली त्याला. बायको भांडी आपटत होती आणि दोन भांड्यांच्या मधे जेवढी जागा मिळेल तेवढ्यात बोलत होती.

"जगाचे पोचे तुमच्याच कपाळी का? गाडी ठोकायची त्याने आणि सही तुमची?"

"अगं, कच्चा माणूस आहे तो. उद्याच घरी बसवला असता."

"आणि तुम्हाला बसवलं म्हणजे?"

"मला कोण बसवतंय," असं म्हणून त्याने जेवायला वाढायला सांगितलं.

म्हातारीला वाटलं, आता ताट आदळणार. पण ताट नीटच ठेवलं गेलं. बाई चिडकी खरी, पण अन्नावर राग काढणाऱ्यांतली नव्हे.

त्याला सगळे सावकाश म्हणत. गाडी चालवायचा तसा, आणि जेवायचा, बोलायचा, हसायचाही तसाच. विनोद आज सांगावा तर हा उद्या हसणार. धुलाईच्या मोठ्या कारखान्यात तो गाडीवर होता. सकाळी इस्पितळांना धुतलेल्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे डगले पोचवायचे आणि येताना मळकी गाठोडी आणायची. त्या गाठोड्यांना हात लावायला लोक नाक मुरडत. हा म्हणायचा, आजारी माणसाची चादर मळणार नाही तर काय पैठणीसारखी राहणार?

आता ते पोच्यांचं प्रकरण. कारखान्याचा नियम असा की नवा ड्रायव्हर सहा महिने कच्चा. त्या काळात गाडीला ओरखडा जरी आला तरी त्याने दुसरं काम बघायचं. आणि आवारात शिरताना डाव्या हाताला एक लोखंडी खांब होता. तो कुणी आणि कशासाठी रोवला, ठाऊक नाही. पण पहिल्या सहा महिन्यांत त्याला भेटला नाही असा ड्रायव्हर जन्माला यायचा होता. म्हणून जुन्या लोकांनी आपसात रीत पाडली होती. कच्च्याने ठोकली की पक्क्यापैकी एकाने पुढे होऊन म्हणायचं, मागे घेताना मी होतो. पक्क्याला कुणी काढत नसे, फार तर चार शब्द ऐकवत. पाळीपाळीने चालायचं. जुना सुपरवायझर सगळं समजून असायचा आणि खाली मान घालून नोंदवायचा.

पुढे जुने एकेक करून गेले. कुणी सोडून गेलं, कुणी वर गेलं. जे उरले त्यांनी कानावर हात ठेवले. पाळी तेवढी राहिली, आणि ती दर वेळी सावकाशचीच असायची. त्याची स्वतःची गाडी मात्र, अगदी कच्चा असतानाही, कधी कशाला चाटून गेली नाही.

मग डोळे बिघडले. समोरच्या गाडीच्या एका दिव्याचे त्याला दोन दिसू लागले. डॉक्टर म्हणाले, दुखणं डोळ्याच्या आतल्या पडद्याचं आहे, चष्म्याने जाणारं नाही. परवान्याची मुदत संपली की पुढच्या कागदावर माझी सही मिळणार नाही. परवाना नाही तर गाडी नाही, आणि गाडी नाही तर त्या कारखान्यात ड्रायव्हरचा उपयोग काय? त्याच सुमाराला जुना सुपरवायझर थकून घरी बसला आणि त्याची खुर्ची रिकामी झाली. बसून करायचं काम. कोणती गाडी कुठे पाठवायची, कोण आजारी, कोणाच्या चाकात हवा कमी, एवढं बघायचं. सावकाशला ती खुर्ची मिळाली तर घर तरत होतं, नाही तर संपलंच होतं सगळं. ऑफिसने सांगितलं, ज्याला पाहिजे त्याने बायोडाटा आणून द्यावा.

लेक औषधांच्या दुकानात कामाला होती. तिने मैत्रिणीचा लॅपटॉप आणला आणि जेवणाच्या टेबलावर मांडला.

"हं, बाबा. काय काय केलंत सांगा."

"गाडी चालवली."

"ते झालं. पुढे?"

"परत आणली."

लेकीने कपाळाला हात लावला. मग तिने त्याला वकिलासारखं खोदून खोदून विचारायला घेतलं. कोणी आला नाही तर त्याची फेरी कोणाला द्यायची हे कोण ठरवतं? मी. नव्यांना शिकवतं कोण? मीच, आणखी कोण. गाडी वाटेत बंद पडली तर इस्पितळाला चादरी कशा पोचतात? तो सांगत गेला आणि ती टाइप करत गेली. त्याचं नियोजन झालं, प्रशिक्षण झालं, काय काय झालं. बायोडाटात कामं लिहायची नसतात, कामाने काय साधलं ते लिहायचं असतं, असं तिने कुठेसं वाचलं होतं. शेवटी तिने सगळं वाचून दाखवलं. एवढं कौतुक त्याचं लग्न ठरवतानाही कोणी केलं नव्हतं. तो म्हणाला, हा माणूस बरा दिसतोय, याला घ्यायला हरकत नाही.

"आणि हे सगळ्यात वर," लेक म्हणाली. "इतक्या वर्षांत एकही अपघात नाही. त्यांना तेवढंच बघायचं असतं."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच थांबलं. "ते काढ."

का, म्हणून ती विचारू लागली. तिला पोच्यांचं ठाऊक नव्हतं. ते भांडण झालं तेव्हा ती पाळण्यात होती, आणि नंतर ती गोष्ट घरात निघेनाशी झाली होती. उत्तर त्याच्या बायकोने दिलं, कणीक मळता मळता, मान वर न करता.

"राहू दे. खरं आहे ते. एकदा तरी खरं लिहून जाऊ दे."

त्याने बायकोकडे पाहिलं. पोच्यांच्या बाबतीत त्याने तिचं कधीच ऐकलं नव्हतं. निदान एक ओळ तरी तिच्या मनासारखी होऊ दे, असं त्याला वाटलं असणार. दुसऱ्यांच्या चुकांवर जन्मभर सह्या करणाऱ्याने स्वतःच्या खऱ्या गोष्टीवर एक सही केली, ती एवढीच.

ऑफिसातल्या मॅडम नव्या होत्या, पण वाईट नव्हत्या. त्यांनी त्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं. बायोडाटा वाचताना त्यांची मान पसंतीने हलत होती, हे त्याने पाहिलं. मग त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे वळवला. त्याच्या नावाखाली पोचेच पोचे. डावा दरवाजा, डावा आरसा, पुन्हा डावा दरवाजा. बघणाऱ्याला वाटावं, या माणसाला डावी बाजू म्हणून नाहीच.

"हे होतंच, तरी मी तुमचाच विचार करत होते," मॅडम म्हणाल्या. "जुना माणूस, सगळे ऐकतात. पण मग हे का लिहिलंत?"

काचेपलीकडे बाकावर आपला बायोडाटा घेऊन त्यांच्यातलाच एक जण बसला होता, त्याला सगळे चष्मेवाला म्हणत. चांगला ड्रायव्हर, आता पक्का झालेला, नावावर एकही ओरखडा नसलेला. त्या पडद्यावरचा एक दरवाजा आणि एक आरसा त्याचा होता. तो चष्मा काढून पुसत होता, घालत होता, पुन्हा पुसत होता.

सावकाशने विचार करायला त्याच्या नेहमीच्या हिशेबानेही जरा जास्तच वेळ घेतला. हे माझे नाहीत म्हणावं, तर सह्या खोट्या. माझे म्हणावं, तर बायोडाटा खोटा. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ती उघडली होती, आणि ज्या बायकोच्या शब्दाने उघडली तिने आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्याकडे काही मागितलं होतं.

"टाइप करताना चुकलं असेल," तो म्हणाला.

मॅडमनी कागद उचलला आणि गठ्ठ्याच्या तळाशी ठेवला.

घरी येऊन त्याने सांगितलं, जागा भरली. लेक म्हणाली, बायोडाटात काही कमी पडलं का? तो म्हणाला, नाही गं, उलट फार चांगला झाला होता. बायकोने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि तिला सगळं कळलं. आपली ओळ होती ती, हेही कळलं. भिंतीपलीकडे म्हातारी वाट बघत होती, आता भांडी वाजतील, आता वाजतील. वाजली नाहीत. बाईने एकेक भांडं असं ठेवलं जसं काही घरात कोणी आजारी आहे.

आठवड्याने चष्मेवाला आला. खुर्ची त्यालाच मिळाली होती. तो दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी येईना.

"काका, मी मॅडमशी बोलू का?"

"बोलून काय होणार? तुझी खुर्ची जाईल आणि मला काही ती मिळणार नाही. एका घराचं नुकसान झालं तेवढं बस."

चष्मेवाल्याने मान खाली घातली. पण घालण्याआधी त्याच्या चेहऱ्यावर जे सुटल्यासारखं आलं, ते आत उभ्या बायकोने नेमकं पाहिलं. ती चहा ठेवायला निघाली होती, ती तिथेच थांबली.

परवान्याचा शेवटचा दिवस आला. सावकाशने रोजच्यासारख्या चादरी पोचवल्या. दोन ठिकाणच्या परिचारिका म्हणाल्या, या परत कधीतरी. तो बरं म्हणाला. मळकी गाठोडी घेऊन आवारात आला तर सगळे खांबापाशी जमलेले. एक नवा ड्रायव्हर, चाळिशी ओलांडलेला, स्वतःचं दुकान बुडाल्यावर या कामाला लागलेला, गाडीच्या डाव्या दरवाज्याला हात लावून उभा होता. पोचा पुसला जातो का ते बघत असावा. पक्क्यांपैकी एक जण बुटाची नाडी बांधत होता, दुसरा आभाळ बघत होता.

सावकाशने गाडी लावली, उतरला आणि सुपरवायझरच्या खोलीत गेला.

"खांबाला लागली. डावा दरवाजा. मागे घेताना मी होतो."

चष्मेवाल्याने खिडकीतून बाहेर पाहिलं. "काका, आज तरी कशाला?"

"लिही."

त्याने लिहिलं. सावकाशने सही केली, नेहमीसारखी, एकेक अक्षर नीट काढत. मग बाहेर येऊन त्याने गाठोडी उतरवली, काच आतून-बाहेरून पुसली, फडकं पिळून दांडीवर वाळत घातलं. गाडी त्याने तोंड बाहेर करून लावली होती, म्हणजे सकाळी जो कोणी नेईल त्याला मागे घ्यावी लागू नये. किल्ली खिळ्याला अडकवली, ती नीट अडकली का ते बोटाने चाचपून बघितलं, आणि तो फाटकाकडे चालू लागला.