दाढीवाल्या आबांचे चोवीस खंड

मंगळवार होता. आठवीच्या वर्गावर हजेरी घेत होतो. शिपाई दारात येऊन थांबला आणि खाली बघत म्हणाला, "सर, घरून फोन आहे. नाना गेले." मी उरलेले अकरा नंबर घेतले आणि मग निघालो.

नाना माझे थोरले भाऊ. तेव्हापासून जो भेटायला येतो तो डोळे पुसत त्यांचा एक किस्सा सांगतो. त्यावरून मला दोन आठवतात. सांत्वनाला आलेला माणूस पोट धरून बाहेर पडतो! शेजारी काय म्हणत असतील!

किस्से बहुतेक रविवारच्या बैठकीतले. अबोध मनाचा शोध घेणारे ते जुने मानसशास्त्रज्ञ, त्यांचं समग्र लेखन नाना आमच्या पिंप्राळ्याच्या घरी वाचायचे. वाचायचे इंग्रजीत, सांगायचे मराठीत. ऐकायला आम्ही तिघे: मी, केळीवाले वसंतभाऊ आणि बाइंडिंगवाले रफिकभाई. लेखकाला आम्ही नाव ठेवलं होतं दाढीवाले आबा. चोवीस खंड पुरे करायचेच, हा नानांचा हट्ट. सतरावा चालू होता. आता पुढचं कोण सांगणार, हे कोणीच विचारत नव्हतं.

*

हे खंड धुळ्याच्या एका निवृत्त प्राध्यापकांकडून आणले. वसंतभाऊंच्या केळीच्या क्रेटमध्ये भरून, एसटीने. कंडक्टरने विचारलं, "काय आहे यात?"

नाना म्हणाले, "मनोविश्लेषण."

कंडक्टर क्रेटकडे बघत म्हणाला, "नाशवंत माल आहे का?"

एरंडोल येईपर्यंत नाना हसत होते.

*

आबा म्हणे पेशंटला कोचावर झोपवून बोलतं करायचे. आमच्याकडे कोच कुठला? झोपाळा होता. वसंतभाऊंना त्यावर आडवं केलं. नाना वही घेऊन डोक्याशी बसले. "मनात येईल ते बोला."

पाच मिनिटं शांतता. नाना हळूच म्हणाले, "खोल चाललेत."

आणि वसंतभाऊ घोरायला लागले!

*

आबांचं म्हणणं, माणूस उगाच विसरत नाही, आत काहीतरी असतं. वसंतभाऊ लग्नाचा वाढदिवस विसरले आणि घरी हेच सांगून बसले. "मी नाही विसरलो गं, माझं अबोध मन विसरलं."

पुढे तीन दिवस भाजीला मीठ नाही. विचारलं तर वहिनी म्हणाल्या, "अबोध मन फक्त तुम्हालाच दिलंय का?"

*

सगळ्यात मोठा घोळ बाइंडिंगचा. दोन खंड खिळखिळे झाले होते, एक स्वप्नांवरचा, एक विनोदांवरचा. रफिकभाईंनी दोन्ही नवे करून दिले. तीन रविवार वाचन झालं. नाना म्हणाले, "इथे आबांचा विचार एकदम वळण घेतो. नीट लक्ष द्या, अवघड आहे." आम्ही माना डोलावल्या. मी तर टिपणंही काढली.

चौथ्या रविवारी रफिकभाई पडलेल्या चेहऱ्याने आले. "नाना, माफ करा. माझ्याकडून दोन्हीकडची पानं एकमेकांत शिवली गेली."

नानांनी चष्मा काढून पुसला. "तरीच म्हटलं, समजायला लागलं होतं!"

*

आमची आई, म्हणजे अक्का, एरंडोलकडची, बोलणं अहिराणी. आतल्या खोलीत मेथी निवडत सगळं ऐकायची. एकदा नाना रंगात येऊन सांगत होते की आबांच्या मते पुढच्या बऱ्याच दुखण्यांचं मूळ लहानपणी, आईपाशी सापडतं. आतून आवाज आला, "बठ्ठा दोष मायनाच शे का? मंग बाप कोठे गयथा?"

सगळा दोष आईवरच कसा, यावर त्या दिवशी वाचन तिथेच थांबलं.

*

नानांच्या तेराव्यानंतरच्या रविवारी रफिकभाई आणि वसंतभाऊ आले. सतरावा खंड टेबलावर, खूण घातलेली. वसंतभाऊ म्हणाले, "सर, हे खंड आता वाचनालयाला देऊन टाकू. आपल्याच्याने होणार नाही."

मीही मान हलवणार होतो. तेवढ्यात अक्का बाहेर आली आणि नानांच्या खुर्चीत बसली. इतकी वर्षं कधी बसली नव्हती.

"सपनमा नाना वना व्हता," ती म्हणाली. "सदरा उलटा घालेल. मी म्हनं, अरे, सुलटा कर. तो हासना अन् निंघी गया."

मग रफिकभाईंनी विचारलं, "सर, याचा अर्थ काय होतो?"

अक्का म्हणाली, "अर्थ राहू दे. पुढलं पान वाच."

मी वाचलं. अडखळत, पण वाचलं. आता अठरावा चालू आहे. अक्काच्या स्वप्नाचा अर्थ लावायचा तेवढा राहिला आहे.