चाळीस माणसांच्या दोन सभा

मावशींच्या नजरेतून काही सुटतं, असं युनिटमध्ये कुणी म्हटलं असतं तर लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं. तीस वर्षं सिनेमाचे कपडे सांभाळलेली बाई. कुठल्या दृश्यात कुणाची बाही दुमडलेली होती, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगणार. "शर्ट बदलला म्हणून माणूस बदलत नाही, बसायची तऱ्हा बदलावी लागते," असं म्हणत त्या भल्याभल्यांच्या पाठीत बोट खुपसून त्यांना ताठ करायच्या.

हा सिनेमा होता नगराध्यक्षपदाला उभ्या राहिलेल्या एका नकलाकाराचा. दिग्दर्शिका पोरसवदा, निर्मात्याचा खिसा फाटका. सभागृह एकच दिवस मिळालं होतं. सकाळी नकलाकाराची सभा, दुपारी त्याच्या विरोधकाची, आणि दोन्हींकडे गर्दी म्हणून तीच चाळीस माणसं. सकाळचा माणूस दुपारी ओळखू येता कामा नये, ही जबाबदारी मावशींची.

त्यातला एक जण ऐनवेळी आला नाही. डबा घेऊन आलेल्या आपल्या नवऱ्यालाच मावशींनी खुर्चीवर बसवलं. काका छापखान्यातून निवृत्त झालेले. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, डावा हात कायमचा लुळा पडला, आणि तेव्हापासून माणूस खिडकीशी बसून असायचा. विचारलं तेवढंच बोलायचा. टाळी वाजवायची तर उजवा तळवा गुडघ्यावर आपटायचा. सकाळच्या सभेतही त्यांनी तशीच वाजवली.

दुपारी मावशींनी त्यांना कोट चढवला, चष्मा लावला, खांबाआड शेवटच्या रांगेत नेलं आणि बजावलं, "अहो, टाळी वाजवायची नाही हं."

मग त्या विरोधकाचा उसवलेला खिसा शिवायला गेल्या. तेवढ्यात दिग्दर्शिकेला काकांचा चेहरा आवडला. तिनं त्यांना पहिल्या रांगेत आणलं, टाळी वाजवायला सांगितलं. काकांनी जीव तोडून गुडघा बडवला. मावशी परतल्या तेव्हा शॉट ओके झाला होता.

कुणाच्याच काही लक्षात आलं नव्हतं. चहाच्या वेळी काका तिघाचौघांना सांगत होते, "मला पुढं बोलावलं, खास." दोन वर्षांत या माणसानं आपणहून कुणाला काही सांगितलं नव्हतं. मावशींनी एकच शर्ट तीनदा घडी केला. बोलावं तर काकांचा आनंद जाणार, न बोलावं तर आजवरच्या कामाला बट्टा. त्यांना रडू येत होतं, आणि त्याचा रागही येत होता. शेवटी त्या उठल्या आणि दिग्दर्शिकेपाशी गेल्या, दोन्ही सभांत एकच टाळी दिसतेय म्हणाल्या.

"मावशी, कुणाला कळणार आहे?" ती म्हणाली.

"मला कळलंय ना."

मोठं धाडस लागतं या तीन शब्दांना. दिग्दर्शिकेनं काकांना बोलावून दोन्ही शॉट छोट्या पडद्यावर दाखवले, दोन्हींतला गुडघ्यावर पडणारा हातही दाखवला. "काका, यातला एकच ठेवता येईल. दुपारी तुम्ही अगदी समोर आहात. सकाळी पार कोपऱ्यात."

काकांनी मावशींकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

"दुपारचा काढून टाक," ते म्हणाले.

"अहो, पण त्यात तुम्ही केवढे मोठे दिसताय," मावशी न राहवून बोलल्या.

"दुपारी या पोरीनं सांगितलं म्हणून वाजवली. सकाळी त्या नकलाकाराचं ऐकून मला हसू आलं होतं."

सकाळी मावशी कॅमेऱ्याशेजारीच उभ्या होत्या. काकांची कॉलर पाहिली, बटणं पाहिली, हात कुठं पडतोय तेही पाहिलं. आत्ता पडद्यावरही त्यांनी हातच पाहिला होता.

"सकाळचं पुन्हा लाव गं," त्या म्हणाल्या.

"कपड्यात काही चुकलंय का, मावशी?"

"कपड्यांचं राहू दे. मला ह्यांना हसताना बघायचंय."