माउस कोण वापरतं इथे?

स्क्रीनवर एकच ओळ होती. नॉट इनफ मेमरी.

घाटकोपरला दुसऱ्या मजल्यावर एक छोटा ब्रेल छापखाना आहे. त्याचे मॅनेजर साळवी माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी विचारलं, “कर्णिक मॅडम, या कॉम्प्युटरमध्ये सोळा एमबी मेमरी आहे असं मला सांगितलंय. मग कमी कशी पडते?”

प्रश्न बरोबर होता. मी तीस वर्षं कॉम्प्युटर मेंटेनन्समध्ये काढली, आता रिटायर होऊन मुलुंडला घरी असते. पण डॉसवर चालणारं जुनं मशीन कुठे अडलं की अजून फोन येतात. डॉस म्हणजे विंडोजच्या आधीची सिस्टीम, काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं. नव्या मुलांना ती शिकवत नाहीत. ब्रेल छापणारं इथलं यंत्र दणकट आहे, पण ते चालवणारा प्रोग्राम फक्त डॉसवर चालतो.

साळवींना मी समजावून सांगितलं. डॉसमध्ये मेमरी कितीही बसवा, साधे प्रोग्राम पहिल्या सहाशे चाळीस केबीतच चालतात. केबी म्हणजे एमबीचा साधारण हजारावा भाग. स्वयंपाकघर मोठं असलं तरी ओटा लहानच, असा प्रकार. त्या ओट्यावर डॉस बसतं, मशीन सुरू होताना चढणारे छोटे प्रोग्राम बसतात आणि उरलेल्या जागेत छपाईचा प्रोग्राम मावावा लागतो. त्याला साडेपाचशे केबी हवी होती. शिल्लक होती चारशे अठ्ठ्याण्णव.

गेल्या आठवड्यापर्यंत हे मशीन व्यवस्थित चालत होतं. फायली फ्लॉपीवरून यायच्या. आता चांगल्या फ्लॉप्या मिळत नाहीत, म्हणून साळवींनी कुणाकडून तरी नेटवर्क कार्ड बसवून घेतलं होतं. कार्डाबरोबर त्याचा ड्रायव्हर आला. ड्रायव्हर म्हणजे कार्डाशी बोलणारा छोटा प्रोग्राम. त्याने त्रेपन्न केबी खाल्ली आणि छपाई बंद पडली.

दहावीच्या मुलांसाठी विज्ञानाचे प्रश्नसंच छापायचे होते. बारा मुलं, वेगवेगळ्या गावांतली. शनिवारी पार्सलं गेली नाहीत तर परीक्षेआधी पोचणार नव्हती. तो दिवस मंगळवार होता.

मेमरीत कोण किती जागा अडवून बसलंय त्याची यादी मी काढली. बावन्न केबी कमी होती. एक चोपन्न केबीचा प्रोग्राम दिसला, नावावरून काही कळेना. साळवींना विचारलं, त्यांनाही माहीत नव्हतं. मशीनचा ऑपरेटर त्या दिवशी रजेवर होता. मी त्या प्रोग्रामची ओळ बंद केली, मशीन पुन्हा सुरू केलं. छपाईचा प्रोग्राम उघडला. साळवी खूश झाले. मी चहा घेऊन घरी आले. सगळं मिळून चाळीस मिनिटांचं काम.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. “मॅडम, मी वाघमारे. ब्रेल मशीन चालवतो. तुम्ही काल येऊन गेलात.”

मी विचारलं, चालतंय ना?

“मशीन चालतंय. पण ते माझ्याशी बोलत नाही.”

तो चोपन्न केबीचा प्रोग्राम कसला होता ते मला तेव्हा कळलं. स्क्रीनवरची अक्षरं मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम. वाघमारे जन्मापासून अंध आहेत. एकवीस वर्षं ते हेच मशीन एकट्याने चालवतात, हेडफोन लावून. आता ऑफिसातल्या एक बाई शेजारी बसून त्यांना स्क्रीन वाचून दाखवत होत्या. त्यांची स्वतःची कामं बाजूला पडली होती. दिवसाला चाळीस पानं निघायची तिथे सकाळपासून सहा निघाली होती.

वाघमाऱ्यांनी तक्रार म्हणून हे सांगितलं नाही. फक्त झालं ते सांगितलं. मला मात्र लाज वाटली. टेबलावर हेडफोन पडलेला मी पाहिला होता. हा कुणाचा, एवढंही मी विचारलं नव्हतं.

मी लगेच निघाले. पोचल्यावर साळवी म्हणाले, शनिवारपर्यंत असंच चालू दे, नंतर निवांत बघू. आता परत हात लावलात आणि सगळंच बंद पडलं तर? त्यांची भीती खोटी नव्हती. मी आधी जुन्या सेटिंगची कॉपी काढली आणि बिघडलं तर पाच मिनिटांत कालच्या स्थितीवर आणून देईन असं त्यांना सांगितलं. तरीही ते खुर्ची ओढून मागेच बसले.

काल करायला हवं होतं ते काम आता सुरू केलं. सहाशे चाळीस केबीच्या वर थोडा भाग असतो. तो स्क्रीनसाठी आणि आत बसवलेल्या कार्डांसाठी राखलेला. पण सगळा वापरात नसतो, मध्ये मोकळ्या जागा असतात. ओट्यावरची भांडी माळ्यावर टाकावीत तसे छोटे प्रोग्राम तिथे चढवता येतात. हे काम मेमरी मॅनेजर नावाचा एक प्रोग्राम करतो, त्याला स्वतःलाही खाली थोडी जागा लागते. सुरुवातीच्या सेटिंगच्या फाइलमध्ये दोन-चार ओळी बदलायच्या, बस. बोलणारा प्रोग्राम मी परत खाली ठेवला. नेटवर्कचा आणि माउसचा ड्रायव्हर वर पाठवला.

मशीन सुरू झालं. वाघमाऱ्यांनी हेडफोन लावला आणि मान हलवली. छपाईचा प्रोग्रामही उघडला. साळवी उठून उभे राहिले.

वाघमारे म्हणाले, “थांबा. एक पान काढून बघतो.”

पान निघालं. मला त्यात ठिपकेच ठिपके दिसले, सगळे सारखे. वाघमाऱ्यांनी डाव्या हाताने कागद दाबून धरला आणि उजव्या हाताची बोटं ओळीओळीने फिरवली. अर्ध्याच्या खाली आल्यावर बोटं थांबली. परत मागे गेली.

“अठराव्या ओळीपासून कचरा आहे,” ते म्हणाले. “अक्षरंच नाहीत ही.”

दुसरं पान काढलं. तेही अठराव्या ओळीपासून बिघडलेलं. तिसरंही तसंच. साळवींनी घड्याळाकडे पाहिलं.

वाघमारे तिथे नसते तर मी ते पान चांगलं समजून निघून गेले असते आणि बारा मुलांना अर्धी पानं वाचता आली नसती. दर वेळी एकाच ओळीपासून चूक, यावरूनच मला कारण सापडलं. ब्रेल यंत्राचं स्वतःचं एक कार्ड आहे. पान छापण्याआधी ते त्याच वरच्या भागात साठवतं. मेमरी मॅनेजरला त्या जागेचा पहिला तुकडा भरलेला दिसला, पुढचा रिकामा वाटला. त्याने तिथे दुसरं सामान टाकलं. पानाचा खालचा अर्धा भाग त्यामुळे बिघडत होता.

उपाय सोपा होता. एवढ्या जागेला हात लावू नकोस, असं एका ओळीत मॅनेजरला सांगायचं. कार्डाचा मेमरीतला पत्ता जुन्या मॅन्युअलमध्ये सापडला. ओळ टाकली. पण तेवढी जागा गेल्यामुळे माउसचा ड्रायव्हर वर मावेना, तो खाली आला. छपाईचा प्रोग्राम पुन्हा अडला. सहा केबी कमी.

फक्त सहा. मी ओळींचा क्रम बदलून पाहिला, दोन किरकोळ सेटिंग कमी केली. सहाची चार झाली, त्याखाली जाईना. शेवटी वाघमाऱ्यांना विचारलं, बोलणाऱ्या प्रोग्राममध्ये काही कमी करता येईल का.

त्यांनी विचारलं, “खाली अजून काय काय आहे?”

मी यादी वाचून दाखवली. माउस ड्रायव्हर, सतरा केबी, असं म्हटल्यावर त्यांनी मला थांबवलं.

“माउस कोण वापरतं इथे?”

मी टेबलावर पाहिलं. माउस होता, मॉनिटरच्या मागे, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. गेली एकवीस वर्षं त्याचा ड्रायव्हर रोज सकाळी मेमरीत चढत होता. मीही त्या दिवशी तो इकडून तिकडे हलवत होते. मशीन म्हटलं की माउस असणारच, हे डोक्यात इतकं पक्कं होतं की तो काढता येईल हे सुचलंच नाही. साळवी पहिल्यांदाच हसले.

ती ओळ काढली. तेरा केबी जास्तच शिल्लक राहिली. वाघमाऱ्यांनी चार पानं काढली, चारही शेवटच्या ओळीपर्यंत वाचली आणि कामाला लागले. आम्ही दोघं तिथे आहोत हे ते विसरूनही गेले असावेत. शुक्रवारी संध्याकाळी पार्सलं बांधून तयार होती.

निघताना मी सेटिंगची फाइल कागदावर लिहून साळवींना दिली, कपाटात ठेवा म्हटलं. वाघमारे म्हणाले, मलाही द्या, मी ब्रेलमध्ये काढून घेतो. दीड पान झालं. कोणती ओळ कशासाठी ते मी सांगत गेले आणि ते टिपत गेले.

काही महिन्यांनी त्यांचा फोन आला. मध्ये नेटवर्क कार्ड जळलं होतं, दुसरं बसवलं, प्रोग्राम परत अडला होता. मी हत्यारांची पिशवी शोधू लागले. ते म्हणाले, येऊ नका, मी दोन ओळी बदलल्या, चालू आहे. तुम्हाला फक्त कळवावं म्हटलं.

नोकरीत असते तर असं गिऱ्हाईक तयार केल्याबद्दल साहेबांनी मला झापलं असतं.